असावी

घड्याळ आलं बाळाच्या दुपट्यात गुंडाळून,
मार्चमधल्या एका गुरुवारी, दार लावायच्या वेळेला.
होदेलीव्हने ते टेबलावर ठेवलं
आणि आधी दुपट्याची घडी करून पिशवीत टाकली.
"चालत नाही," ती म्हणाली,
"बावीस वर्षं आम्ही त्यात किल्ल्या ठेवतो."

मी मेखेलेनच्या लिलावघरात सूची लिहितो.
वस्तूंना नाव देतो, पण बारसं नव्हे ते;
नाव कुठेतरी असतंच आधी,
मी नुसता दारोदार विचारत फिरतो.

यंत्र काढलं. फ्रेंच, साधं,
त्या काळी डझनावारी मिळायचं तसलं.
तबकडीवर सही नाही. मागच्या झडपेवर नाही.
एका वाळक्या माशीखेरीज
आत कुणी काही सोडून गेलं नव्हतं.

पण पेटी!
पेटी रेलली होती मागे, अगदी किंचित,
जेवण झाल्यावर माणूस रेलतो तशी.
घड्याळजी असं करायचा नाही, त्याचा जीव ओळंब्यात.
हे ज्यानं केलं
त्याला वेळ उभी बघवत नसणार,
त्यानं तिला बसायला दिलं होतं.

खुर्च्या करणारा माणूस.

ओदिलॉन तेरलिंकच्या खुर्च्यांना हाताखाली,
जिथे नजर पोचत नाही,
एक खळगा असतो अंगठ्याच्या मापाचा.
संग्रहालयातल्या खुर्चीचा मी चाचपला होता चोरून,
रखवालदार चष्मा पुसत होता तेवढ्यात.
मी दिवा मालवला, हात तळाशी सरकवला.
डाव्या कोपऱ्याला होता.
अंगठा आत बसला
आणि मी बराच वेळ तो काढलाच नाही.

तेरलिंकच्या वहीत घड्याळं तीन.
दोन चौदा सालच्या आगीत गेली, घरांसकट.
तिसऱ्या चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलंय:
मेहुणीसाठी. तिला कधीच घाई नसते.
चित्रातल्या घड्याळाला चार पाय,
बोटाच्या पेराएवढे, खाली निमुळते.
समोरच्या घड्याळाला पायांच्या जागी
करवतीचे ओरखडे.

"बाबांनी कापले. फडताळात मावत नव्हतं,"
होदेलीव्ह म्हणाली,
कुणाचे केस कापल्याचं सांगावं तितक्या सहज.

शनिवारी ती कॉफीचा डबा घेऊन आली. त्यात पाय, तीन.
एक सोंगटी झाला होता, त्यावर लाल रंगाचा ठिपका.
एकावर कुत्र्याचे दात.
एक सशांच्या खुराड्याची खुंटी, अजून उग्र वास येणारा.
"चौथा बाबांच्या कोटाच्या खिशात असायचा.
त्यांच्याबरोबर गेला असावा."

आमचे साहेब म्हणतात, सही नाही, पाय अपुरे,
'तेरलिंकची कृती' लिहू नका,
'कृती असावी' लिहा.
त्या एका शब्दाला वीस हजार युरो पडतात.
मी भांडलो. खळग्याचा फोटो काढला,
खुर्चीशेजारी ठेवून दाखवला.

मग होदेलीव्हने विचारलं, किमतीचं नव्हे,
"अंगठा कुठे घातला होतात तुम्ही?"
मी तिचा हात धरून तळाशी नेला.
बाहेर मनोऱ्यावरच्या घंटा वाजत होत्या,
त्या थांबेपर्यंत ती गप्प.

"बाबा धूळ पुसायला उचलायचे ना,
तेव्हा इथेच धरायचे.
चाळीस वर्षं, दर रविवारी.
मला वाटायचं
ही त्यांच्याच हाताची झीज."

मी भिंग घेतलं, ठेवलं, परत घेतलं.
लाकूड मऊ होतं, कडा गोल होत्या.
पटाशीनं असं होतं. अंगठ्यानंही होतं.
कॉफीच्या डब्यातून सशांचा वास येत होता.

रात्री सूचीत मी 'असावी' लिहिलं.
कुणाची, यासाठी
छापील फॉर्मवर रकाना एकच होता.